आळीत मधल्या चौथऱ्यावर काचेचं घर: कौलं म्हणजे नुसती हौस?

पागोळी: दापोलीजवळच्या मुरूडला, दोन जुन्या घरांमधल्या पडक्या चौथऱ्यावर बांधायच्या घराचं चित्र काल या चर्चेच्या पानावर आलं. सपाट स्लॅब, काच, आणि रस्त्याला पडवीऐवजी दहा फुटी भिंत. वर मल्लिनाथी, 'कौलं ही पाहुण्यांची हौस.' राहवलं नाही. नव्याला माझी ना नाही. पण आळीतल्या पडव्या एका ओळीत आहेत, येणारा-जाणारा तिथे टेकतो. मध्येच भिंत म्हणजे हसऱ्या तोंडात सिमेंटचा दात. आणि सपाट स्लॅब आपल्या पावसात गळणारच. मग त्यावर पत्र्याची शेड! उतरतं छप्पर आधीच घाला की.

चाकरमानी: चित्र माझं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमची कौलं पत्त्यांसारखी उडाली, आजी तीन रात्री ताडपत्रीखाली. शेजारचा स्लॅब हलला नाही. पुण्यात बसून पडव्यांचं कौतुक सोपं असतं, काकू.

पागोळी: पुण्यात नाही, मुरूडशेजारी हर्णैत बसते. आमचीही उडाली. उडालेलं कौल बदलता येतं. खाऱ्या हवेने स्लॅबची सळई गंजून फुगली की काय बदलणार? दिरांच्या गॅलरीचा पोपडा पाटाएवढा पडला, ताटात.

आगरातला: वादळ कधीतरी येतं, वानर रोज येतात! फणसावरून थेट कौलांवर. मे महिन्यात दीडशे बदलली, जूनमध्ये पुन्हा गळतीखाली बादल्या मांडल्या. कौलं परतायला माणूस मिळत नाही, त्याचं बोला.

सुपारी: फटाके लावा.

आगरातला: सरावलेत. दिवाळी समजून बसून बघतात.

सुपारी: मग कुत्रा पाळा.

आगरातला: पाळला होता. त्याच्या थोबाडीत मारून गेला हुप्प्या. तुमच्याकडे आगर आहे की नुसता सल्ला?

चिरेबंद: वानरांचा वेगळा धागा काढा! उतरता स्लॅब घाला, वर कौलं बसवा. चार घरं केलीत अशी.

पागोळी: म्हणजे टकलावर टोप. माळ्यावरची हवा गेली, उकाडा राहिला.

चाकरमानी: आणि उतार बाजूला दिला तर पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत. आमच्या दोन घरांत त्यावरून वीस वर्षं बोलणं नाही.

चिरेबंद: उतार पुढे-मागे द्या. जुन्यांनी तेच केलंय, बघितलंत का कधी मान वर करून?

चाकरमानी: बघितलं. बरं, उतार घेतो. पडवीही ठेवतो. काकूंनी रोज येऊन बसावं, काठी घेऊन. वानर हाकलायला.

आगरातला: काठीला घाबरत नाहीत.