स्पर्धा कायदा आणि सामूहिक दावे: ठाण्यात राहून ही वकिली जमेल का?

पाचपाखाडीकर: मंडळी, एलएलबीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. कार्टेल (आपसात संगनमत) करून भाव चढवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध ग्राहकांचे सामूहिक दावे लढवायचे आहेत. सुरुवात कुठून करू? दिल्ली गाठावीच लागेल का? घरचे म्हणतात, ठाणे कोर्टात दिवाणी कर.

कलमबहाद्दर: अमेरिकेतलं चित्र आधी डोक्यातून काढा. तिथे नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते आणि जिंकल्यावर वकिलाची फी त्यातूनच निघते. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, बी. सुनीता प्रकरणात 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्यामुळे खर्चाला पैसे कोण घालणार, हे आधी ठरवायचं.

थेट दिवाणी कोर्टात जायला स्पर्धा कायद्याचं कलम 61 आडवं येतं. आधी सीसीआयकडे (भारतीय स्पर्धा आयोग) कलम 19 खाली माहिती दाखल करायची. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन वर्षांची मुदत आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर 26(1) खाली महासंचालकांची (आयोगासाठी तपास करणारे अधिकारी) चौकशी, मग 27 खाली आदेश. दंड झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जातो, ग्राहकाला छदाम मिळत नाही. भरपाईसाठी 53-एन खाली एनसीएलएटीकडे (सीसीआयच्या वरचं अपील न्यायाधिकरण) वेगळा अर्ज करावा लागतो. अनेकांचं हित एकच असेल तर 53-एन(4) खाली परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने. एनएसई या शेअर बाजाराला 2011 मध्ये 55.5 कोटींचा दंड झाला, त्यामागोमाग एमसीएक्स-एसएक्स या प्रतिस्पर्धी बाजाराने 856 कोटींची भरपाई मागितली. तो दावा मुळापासून वाचा.

आकडेमोड: वरचं सगळं बरोबर, पण अर्ज आपटतो तो नुकसानीच्या आकड्यावर. सीसीआयचा आदेश कायदा मोडला एवढंच सांगतो, कोणाचं किती गेलं ते तुम्ही सिद्ध करायचं. दिलेला भाव वजा कार्टेल नसतं तर पडला असता तो भाव, ही झाली जादा आकारणी. त्यासाठी कार्टेलच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे भाव महिनावार मांडायचे आणि त्यातून खर्चाची, म्हणजे सिमेंट असेल तर कोळसा, डिझेल, वाहतूक यांची वाढ वेगळी काढायची. नुसता चढता आलेख जोडला तर समोरचा वकील सगळी वाढ कोळशावर ढकलून मोकळा होतो.

दुसरा पेच मधल्या खरेदीदाराचा. सिमेंट कंपन्यांवर सीसीआयने 2012 मध्ये 6,000 कोटींहून जास्त दंड लावला. पण घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटधारकाने सिमेंट घेतलंच नव्हतं, ते बिल्डरने घेतलं. मग गेलं कोणाचं? अमेरिकेच्या फेडरल कायद्यात 1977 च्या इलिनॉय ब्रिक निकालापासून भरपाई सहसा थेट खरेदीदारालाच मिळते. आपल्या 53-एन मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ आहे, म्हणजे दार बंद नाही. पण बिल्डरने वाढ फ्लॅटच्या दरात घातली हे दाखवणारे कागद कुठून आणाल? अर्थशास्त्राचा एखादा चांगला कोर्स करा, निदान रिग्रेशनचा (कोणत्या घटकाने भाव किती हलला हे मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा) तक्ता वाचता यायला हवा. एलएलएम नंतर बघा.

नेरूळची_ताई: सामूहिक दाव्याचा हात बसवायला ग्राहक आयोग उत्तम, आणि तो ठाण्यातच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 35(1)(सी) काढा, सारखं हित असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने तक्रार करायचं ते कलम. ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात (2021) 91 जणांनी 1,134 फ्लॅटधारकांच्या वतीने तक्रार केली होती. सगळ्यांचं हित सारखं कसं, हेच तक्रारीत नीट मांडलेलं नव्हतं, म्हणून सुप्रीम कोर्टाने ती फक्त त्या 91 जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली. तेव्हा करार कधीचे, त्रुटी कोणती, मागणी काय, हे गटवार तक्त्यात मांडा. जाहीर नोटिशीचा खर्च अशिलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर परवानगी मिळाल्यावर भांडण होतं.

पाचपाखाडीकर: आभारी आहे. आणि दिल्लीचं काय?

कलमबहाद्दर: सीसीआय दिल्लीत, स्पर्धा कायद्याची अपिलंही तिथेच. तरी सीसीआयच्या आदेशांविरुद्ध रिट मुंबई हायकोर्टात येतात. एअरटेल-जिओ वादातलं तसंच आलं आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. सनद आणि एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा) झाली की मुंबईत फोर्टमध्ये स्पर्धा कायद्याचं काम येणारं चेंबर बघा, ठाण्याहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. पहिली दोन-तीन वर्षं कंपनीच्या बाजूची कामंही नाकारू नका. महासंचालकांच्या अहवालाला आक्षेप कसे घेतात, ते त्याच बाजूने शिकायला मिळतं.