रात्रीच्या टेस्टचे निकाल कुठं साठवता? बजेट २ हजार

चिकलठाणा_टेस्टर: पाच जणांची कंपनी. रात्री जेनकिन्सवर (कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) रोबोट फ्रेमवर्कच्या (सॉफ्टवेअर तपासायचं टूल) टेस्ट चालतात, प्रत्येक स्टेपला स्क्रीनशॉट. एका रात्रीचे ३ जीबी. २४० जीबीची एसएसडी सारखी भरायलीय. गिऱ्हाईक ऑडिटला सहा महिन्यांचे निकाल मागतं, उडवता येत नाही. क्लाउडच्या महिन्याच्या भाड्याचं सांगू नका, सर देत नाहीत.

लातूर_पॅटर्न: सरळ एनएएस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्या, ४ टीबीच्या दोन डिस्क टाकून. मी घेतला, तीन वर्षं झाली, हात लावावा लागला नाही.

चिकलठाणा_टेस्टर: दादा, २ हजार म्हणलो.

लातूर_पॅटर्न: रडायचं एकदाच.

नांदेड_नाईट: एनएएसच्या आधी इन्व्हर्टर घ्या. लाईट गेली अन् माझ्या दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. रेड (दोन डिस्कवर एकच डेटा) म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला २२ हजारांला कळलं.

लातूर_पॅटर्न: बॅटरीत पाणी घालत नसाल.

नांदेड_नाईट: डिस्टिल्ड घालतो. आम्ही टँकरचं पितो, बॅटरीला डिस्टिल्ड.

जालना_लिनक्स: आमच्याकडं ४० जीबी रिकामं दिसायचं तरी 'जागा नाही' यायचं. दोन दिवस डोकं खाजवलं. आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद, ती मोजकीच असते) संपले होते, स्क्रीनशॉटच्या बारक्या पीएनजी फाइली लाखांनी. 'डीएफ' कमांडला 'डॅश आय' लावून बघा.

परभणीकर: पास झालेल्याचे फोटो कोण बघतंय? फेल झाल्यावर सेलेनियम लायब्ररी (रोबोटची ब्राउझर चालवणारी) आपोआप काढतेच. 'रीबॉट'ला (रोबोटचंच रिपोर्ट बनवायचं टूल) 'रिमूव्ह कीवर्ड्स पास्ड' देऊन आउटपुट परत बनवा, पासचा नुसता निकाल राहतो, फेलचा सगळा तपशील. जेनकिन्सच्या 'डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स'मध्ये ॲडव्हान्स्ड उघडलं की बिल्डची (एका रात्रीच्या रनची) नोंद १८० दिवस अन् आर्टिफॅक्ट (त्यातल्या फाइली) शेवटच्या १५ बिल्डचे, असं वेगवेगळं टाकता येतं. रिलीजच्या बिल्डवर 'कीप धिस बिल्ड फॉरेव्हर' दाबा. खर्च शून्य.

बीड_रात्रपाळी: झिप करा. माझं फोल्डर निम्म्यावर आलं.

परभणीकर: निकालाची एक्सएमएल फाइल येते निम्म्यावर, ती टेक्स्ट असते. पीएनजी आधीच दाबलेली असते, झिपनं हालत नाही.

बीड_रात्रपाळी: मी करून सांगायलोय भाऊ.

धाराशिव_०७: फेलचेच स्क्रीनशॉट ठेवा, बाकी बंद करा.

परभणीकर: वर तेच लिहिलंय.

लातूर_पॅटर्न: एनएएस असता तर एवढा उपद्व्याप लागला नसता.

चिकलठाणा_टेस्टर: आयनोड १२ टक्केच वापरलेत. स्क्रीनशॉट बंद करू का म्हणून सरांना विचारलं, तर 'पास झालं याला पुरावा काय मग?' म्हणले. शेवटी मेव्हण्याच्या बंद डेस्कटॉपमधली ५०० जीबीची हार्डडिस्क काढली, वर ती यूएसबीनं जोडायची एक केसिंग घेतली. दर शनिवारी मी कॉपी मारणार. 'डिस्कार्ड' लावलंय, पण १५ नाही, ४०.

नांदेड_नाईट: डिस्क किती जुनी?

चिकलठाणा_टेस्टर: त्याच्या बारावीला घेतलेली. २०१४.

नांदेड_नाईट: दर शनिवारी इथं कळवत जा.

परभणीकर: १८० रात्री गुणिले ३, ५४० जीबी. ५०० त बसतंय कसं?

चिकलठाणा_टेस्टर: रविवारी टेस्ट चालत नाहीत.

परभणीकर: मग १५४ रात्री, ४६२. अन् ५०० ची डिस्क विंडोजला ४६५ दिसते. ३ जीबी उरायलेत राव.

चिकलठाणा_टेस्टर: अजून दिवाळीची सुट्टी धरलीच नाही.