मदत हवी आहे: दोन जॉनर (गेमचे प्रकार) जोडले, पण गेम दोन वेगळेच वाटतायत

गोदो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये मोबाइलसाठी छोटा गेम करतोय. दिवसा खाडीत मासेमारी (निव्वळ अ‍ॅक्शन), रात्री त्याच माशांवर खानावळ चालवायची. हो, 'डेव्ह द डायव्हर' हा असाच गेम खेळूनच सुचलं.

सहा जणांना खेळायला दिला. चौघांनी रात्र नुसती उरकली. आतेभाऊ तर ऑर्डर न वाचताच हाताला येईल ते ताट पुढे सरकवत होता, सगळी नजर 'झोपा' बटणावर. उरलेल्या दोघींनी मात्र उद्याच्या मेनूला काय लागेल ते बघून जाळं टाकलं. मला सगळ्यांकडून हेच हवंय.

करून पाहिलं ते असं: चुकीच्या ताटाला दंड वाढवला, लोक वैतागले. खानावळीच्या कमाईवर बोटीचे अपग्रेड ठेवले, तर खानावळ म्हणजे टोलनाका झाली. रात्र चार मिनिटांवरून दीडवर आणली; कंटाळा कमी झाला, पण मग ती ठेवायचीच कशाला?

'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर' या गेममध्ये पाऊलच तालावर पडतं, त्यामुळे ताल आणि डन्जन (राक्षसांनी भरलेलं भुयार) वेगळे काढताच येत नाहीत. माझ्याकडे दोन्ही भाग एकाच वेळी चालवणं जमणार नाही: उभी स्क्रीन, एका हाताने खेळायचा गेम, नवीन आर्टला पैसे नाहीत. 'खानावळ काढून टाक' हा सल्ला कुणीतरी देणारच, तो कृपया नको.

पैसे आणि अपग्रेड सोडून, रात्रीच्या निर्णयाने दुसऱ्या दिवशीच्या मासेमारीचे नियमच बदलतील असं काय जोडता येईल?