शनिवारचा सिनेमा : तीन माणसं आणि एक फ्लॅट

*देशपांडे (सेक्रेटरी):* नमस्कार मंडळी. शनिवारी क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावतोय. मागच्या वेळी विनोदी झाला, या वेळी थरारपट हवा असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. नावं सुचवा. गणपतीच्या वर्गणीचा विषय इथे काढू नये, त्याचा मेसेज वेगळा येईल.

*कुलकर्णी सी-३०४:* टँकर आला का?

*देशपांडे (सेक्रेटरी):* आला. अकराला पाणी सोडतील.

*मेघना ए-४०३:* माझं मत 'द डिसअपिअरन्स ऑफ ॲलिस क्रीड'ला. २००९ चा ब्रिटिश सिनेमा. लेखन-दिग्दर्शन जे ब्लेकसन, दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिलाच मोठा सिनेमा. विक आणि डॅनी हे दोघं एका श्रीमंत माणसाच्या मुलीला उचलतात, फ्लॅटमध्ये डांबतात आणि वीस लाख पौंड मागतात. गोष्ट एवढीच. पण अख्ख्या सिनेमात माणसं तीनच दिसतात. पोलीस नाहीत, फोनजवळ बसलेली आई नाही, ज्याच्याकडे पैसे मागितलेत तो बापसुद्धा नाही.

*नाईक काकू ए-१०२:* तीन माणसांत दीड-पावणेदोन तास? त्यात एक सासू असेल तर चालेल बाई 😄

*रोहन डी-७०४:* मेघनाताई, हे मी पाहिलंय बहुतेक. जर्मन होतं पण. नेटफ्लिक्सवर. 'किडनॅपिंग स्टेला'.

*मेघना ए-४०३:* तो याचाच रिमेक रे, २०१९ चा. त्याआधी २०१४ मध्ये डच भाषेतही झाला. साहजिक आहे, तीन नट आणि एक फ्लॅट, कुठल्याही देशात परवडतं. मूळ सिनेमा आयल ऑफ मॅनवर चित्रित झालाय, इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट. पण बेट बघायला मिळेल म्हणून बसू नका, बहुतेक वेळ चार भिंतीच दिसतात.

*रोहन डी-७०४:* मग मी मूळ बघतो. काही फोडू नका प्लीज 🙏

*मेघना ए-४०३:* सुरुवात सांगते, ती फोडल्याने काही बिघडत नाही. पहिली काही मिनिटं जवळजवळ कोणी बोलतच नाही. दोघं हार्डवेअरच्या दुकानातून सामान घेतात, गाडी चोरतात, फ्लॅटच्या खिडक्या बंद करतात, भिंतींना आवाज अडवणारा फोम चिकटवतात, पलंग पक्का करतात, दाराला कुलपं बसवतात. कुठेही घाई नाही. एकजण स्क्रू धरतो, दुसरा मारतो. नवीन घर लावतायत असं वाटावं. आणि मग लक्षात येतं की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हे सगळं चाललंय.

*कुलकर्णी सी-३०४:* ड्रिल मारतात का?

*मेघना ए-४०३:* मारतात.

*कुलकर्णी सी-३०४:* आणि शेजारचे काही बोलत नाहीत?? आमच्याकडे मी दुपारी तीनला एक खिळा ठोकला तर डी विंगमधून मेसेज येतो.

*नाईक काकू ए-१०२:* खिळा नव्हता तो. अख्खं मॉड्युलर किचन होतं. नात झोपली होती माझी.

*देशपांडे (सेक्रेटरी):* विषयावर राहा. मात्र या निमित्ताने सांगतो, ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत त्यांनी करारनाम्याची प्रत आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद ऑफिसात जमा करावा. चार जणांचा अजून बाकी आहे. नावं सांगायला लावू नका.

*रोहन डी-७०४:* विक आणि डॅनी आपल्याकडे आले असते तर व्हेरिफिकेशनमध्येच अडकले असते 😂

*देशपांडे (सेक्रेटरी):* हसण्यावारी नेऊ नका.

*बापट काका बी-१०१:* मेघना, तू जे सांगते आहेस ते ऐकून मला आमचे राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आठवले. तीन पात्री नाटक बसवायला सोपं असा सगळ्यांचा समज असतो. वास्तविक तेच सर्वांत अवघड. दहा माणसं असली की प्रेक्षकाची नजर फिरती ठेवता येते. तिघांत लपायला जागा नाही. लेखकाकडे हत्यार एकच उरतं : दोघं आत, एक बाहेर. बाहेर गेलेला परत येतो तेव्हा आत काय घडून गेलं हे त्याला ठाऊक नसतं, प्रेक्षकाला असतं. नाटक त्या दारावर चालतं. या सिनेमात असं काही आहे का?

*मेघना ए-४०३:* काका, अगदी हेच आहे! विक बाहेर जातो, डॅनी आणि ॲलिस आत राहतात. विक परत येतो आणि दाराच्या कुलपाचा आवाज आला की आपल्याच छातीत धस्स होतं. प्रत्येक वेळी कोणीतरी कोणापासून तरी काहीतरी लपवत असतो. रोहन, तू पुढचे दोन मेसेज वाचू नकोस. एका कलाटणीबद्दल बोलणार आहे, शेवटाबद्दल नाही.

*रोहन डी-७०४:* ठीक. मी म्यूट करतो.

*मेघना ए-४०३:* तर. डॅनीवर एकट्याने पहारा द्यायची वेळ येते, ॲलिस संधी साधून त्याचं पिस्तूल हिसकावते आणि एक गोळी सुटते. तेव्हा तो तोंडावरचा मुखवटा काढतो. तो तिचा प्रियकर निघतो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात ही कलाटणी मध्यंतराला ठेवून वर ढॅणढॅण संगीत वाजवलं असतं. इथे ती होऊन जाते आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. विक परत येतो. झाडलेल्या गोळीची पुंगळी खोलीत पडलेली आहे. ती विकच्या नजरेला पडली तर सगळं संपलं. डॅनी ती कशीबशी उचलतो, संडासात टाकतो, फ्लश करतो. ती जात नाही. पितळेची ती, जड. पुन्हा प्रयत्न. पाणी शांत होतं आणि ती तळाशी तशीच. शेवटी तो हात घालून काढतो आणि गिळतो.

*नाईक काकू ए-१०२:* ई!!! संडासातली?

*मेघना ए-४०३:* हो काकू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा आपण देवाला सांगत असतो, अरे जाऊ दे ती खाली एकदाची. म्हणजे पळवणाऱ्याच्या बाजूने! मुलगी पलीकडे पलंगाला बांधलेली आहे आणि आपल्याला काळजी पुंगळीची. हे ब्लेकसनने आपल्याकडून करवून घेतलं. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

*बापट काका बी-१०१:* वा. ही जागा रंगमंचावर साधत नाही बघ. शेवटच्या रांगेला पुंगळी दिसणार कशी? तिथे कॅमेराच हवा.

*ऋता बी-६०३:* थोडं विरुद्ध बोलू का? मी हा सिनेमा दहा-पंधरा मिनिटांत बंद केला होता. तिला आणल्या आणल्या तिचे कपडे कापून काढतात, फोटो काढतात, ट्रॅकसूट घालतात, डोक्यावर पिशवी. पहिला बराच वेळ ती माणूस नाहीच, सामान आहे. थरार म्हणून एका बाईची अशी अवस्था बघायची मला हौस नाही. तीन पात्रं आहेत म्हणता, पण त्यातलं एक पात्र सुरुवातीला दोघांच्या हातातली वस्तू असतं.

*मेघना ए-४०३:* हे मान्यच आहे. तो भाग बघवत नाही आणि मला वाटतं त्याला कात्री लावता आली असती. फक्त एक सांगेन. ती वस्तू राहत नाही. त्या खोलीत सगळ्यात जलद विचार तीच करते. त्या दोघांनी महिनोन्‌महिने आखणी केली असेल, तिच्याकडे बांधलेले हात आणि बादली मागण्यापुरती सवलत. त्यातून ती डाव उभा करते. जेमा आर्टरटनने हे करताना चेहऱ्यावर हुशारी कुठेही मिरवलेली नाही, घाबरलेलीच दिसते. घाबरलेली आणि हिशेब करणारी, दोन्ही एकदम. बाँडपटातली म्हणून लोक तिला ओळखत होते, हे काम बघून मत बदललं असेल.

*ऋता बी-६०३:* तिच्याबद्दल तक्रार नाही. कॅमेऱ्याबद्दल आहे. पण पुढचं बघेन, तू म्हणतेस म्हणून. पहिला भाग पुढे ढकलून.

*ॲड. शिर्के सी-२०२:* कोर्टातून आत्ता आले, सगळं एकदम वाचलं. थोडी भर. आपल्याकडे खंडणीसाठी अपहरण म्हणजे पूर्वीचं भादंवि कलम ३६४-अ, आता भारतीय न्याय संहितेचं १४०(२). शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. ३६४-अ मूळ कायद्यात नव्हतं, १९९३ मध्ये घातलं गेलं. आणि नुसते पैसे मागितले म्हणून हे कलम लागत नाही. पळवणं किंवा डांबणं, त्याबरोबर जिवाची किंवा इजेची धमकी, किंवा तशी भीती वाटावी असं वागणं, हे सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळे तुमच्या त्या विकने फोटो काढून पाठवले असतील तर सरकारी वकिलाचं अर्धं काम त्यानेच केलं.

*कुलकर्णी सी-३०४:* मॅडम, आणि डॅनी म्हणाला की ती माझी मैत्रीण आहे, तर सुटेल का?

*ॲड. शिर्के सी-२०२:* तिला विचारून पळवली होती का? नाही ना. मग प्रेम कोर्टाबाहेर ठेवा.

_दुसऱ्या दिवशी_

*नाईक काकू ए-१०२:* मी काल रात्री पाहिला. मेघनाने मागेच नाव सांगितलं होतं जिन्यात. झोप गेली माझी. मला एक विचारायचंय. तो विक त्या डॅनीला सारखा जेव जेव का म्हणत असतो?

*मेघना ए-४०३:* काकू 😀 तुम्हाला काय वाटलं?

*नाईक काकू ए-१०२:* मला तेव्हाच शंका आली. दरडावतोय वरवर, पण नजर ताटावर. हा पोरगा जेवला की नाही इकडे लक्ष. धंद्यातला भागीदार असा बघत नाही. पुढे ते दोघांचं कळलं तेव्हा आमचे हे खुर्चीतून उडाले, मी नाही उडाले.

*बापट काका बी-१०१:* काकू, कोणत्या दोघांचं?

*नाईक काकू ए-१०२:* बघा तुम्हीच. मी फोडणार नाही.

*मेघना ए-४०३:* काकूंनी नेमकं पकडलं. मला या सिनेमाचं मोठेपण यातच वाटतं. हल्ली कलाटणी म्हणजे शेवटी कोणीतरी मेलेला जिवंत निघतो, नाहीतर जुळा भाऊ येतो. बाहेरून आणून टाकलेली असते. इथे एकही गोष्ट बाहेरून येत नाही. जे उघड होतं ते त्या खोलीतल्या कोणाला तरी पहिल्यापासून माहीत असतं, आणि कळल्यावर मागचं सगळं तपासलं तर बरोबर जुळतं. जेवणाचा आग्रहसुद्धा. म्हणून एक कलाटणी माहीत असली तरी सिनेमा मरत नाही. मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा फक्त विक झालेल्या एडी मार्सनकडे बघत बसले. विक म्हणजे सगळं शिस्तीत, प्रत्येक गोष्टीची यादी, आवाज वर गेला की समोरचा गप्प. आणि त्याच माणसाला एकच गोष्ट आखता येत नाही, आपल्या माणसावर किती विश्वास टाकायचा ते. शेवटाकडे गोष्ट फ्लॅटबाहेर पडते तेव्हा मला ती पकड थोडी सैल वाटली, हे खरं. मोकळी जागा मिळाली की तिघंही जरा सामान्य होतात.

*रोहन डी-७०४:* म्यूट काढलं. ९७ मेसेज?? काय चाललंय इथे

*देशपांडे (सेक्रेटरी):* एकंदर चर्चा पाहता हा सिनेमा क्लब हाऊसमध्ये लावणं जमणार नाही असं दिसतं. शनिवारी लहान मुलं पहिल्या रांगेत असतात.

*ऋता बी-६०३:* नकोच. तो प्रौढांसाठीचा आहे, आणि मुलं झोपल्यावर लावू म्हटलं तरी ती झोपत नाहीत.

*ॲड. शिर्के सी-२०२:* शिवाय घरगुती सबस्क्रिप्शनवर सार्वजनिक खेळ लावता येत नाही. मागच्या वेळीही बोलले होते.

*देशपांडे (सेक्रेटरी):* नोंद घेतली. शनिवारी मुलांसाठी कार्टून, परवानगीचं मी बघतो. मोठ्यांनी ज्याने त्याने आपापल्या घरी बघावा आणि रविवारी अकराला क्लब हाऊसमध्ये चहाला जमावं. चहाचा खर्च सोसायटीचा नाही.

*कुलकर्णी सी-३०४:* बटाटेवडे?

*देशपांडे (सेक्रेटरी):* खर्च सोसायटीचा नाही.

*नाईक काकू ए-१०२:* वडे मी करते. पण चर्चेत मॉड्युलर किचनचा विषय घेणार.

*रोहन डी-७०४:* मी उद्या बघतोय. तोपर्यंत कृपया कोणीही शेवटाबद्दल एक अक्षर लिहू नका. बापट काका, विशेषतः तुम्ही.

*बापट काका बी-१०१:* मी अजून पाहिलेलाच नाही. आज रात्री लावतो. हेडफोन लावून, म्हणजे कुलकर्ण्यांची तक्रार नको.

_रात्री १२:४७_

*बापट काका बी-१०१:* संपला. तिघांचीही कामं उत्तम. तो डॅनी झालेला कॉम्पस्टन नावाचा मुलगा घाम फुटलेला चेहरा काय ठेवतो! दाराचं गणित मी म्हटलं तसंच.

*बापट काका बी-१०१:* काकूंचं ते जेवणाचंही कळलं. कमाल निरीक्षण.

_बापट काका बी-१०१ यांनी हा मेसेज डिलीट केला_

*रोहन डी-७०४:* काकाआआआ काय होतं ते

*बापट काका बी-१०१:* काही नाही. चुकून गेलं. झोप तू.

*कुलकर्णी सी-३०४:* मी वाचला.