ग्लायफोसेट: खरं कुणाचं मानायचं?

ग्लायफोसेट या तणनाशकावरून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो विष, बाबा म्हणतात निव्वळ बागुलबुवा. २०१५ साली आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, त्याच वर्षी युरोपच्या ईएफएसएनं (अन्नसुरक्षा संस्था) नेमकं उलट. खोटं कोण बोलतंय?

उत्तर १: कुणीच नाही. दोघांनी वाचलेले कागद वेगळे. आयएआरसीनं प्रकाशित संशोधनच घेतलं, बाजारातली मिश्रणंही तपासली. ईएफएसएनं कंपन्यांचे अप्रकाशित अहवालही धरले, आणि निष्कर्ष मूळ रसायनापुरता दिला.

उत्तर २: शिवाय आयएआरसी पदार्थाला ज्या गटात टाकते, तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस एकाच गटात आहेत!

प्रश्नकर्ता: बाबांना वाचून दाखवलं. ते उघड्या हातांनी फवारतात, मनगटापर्यंत ओले. हातमोजे आणतोय. भाऊही हो म्हणाला.