रोजच्या निर्णयांत देवाकडे खूण मागायची की अक्कल वापरायची?

वाटसरू:
नोकरी बदलू का, कर्ज काढू का, कुठलाही प्रश्न आला की आपल्यातले बरेच जण 'देवा, खूण दाखव' म्हणून बसतात. आधार बायबलमधल्या गिदोनाचा, ज्याने खात्री पटावी म्हणून रात्री जमिनीवर लोकर ठेवून देवाकडे दवाची खूण मागितली. पण बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा अध्याय ६ नीट वाचा. काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. आधी लोकर ओली, मग जमीन ओली, हा हट्ट शंकेपोटी होता. देवाने सांभाळून घेतलं, म्हणून तो नियम होत नाही. शलमोन राजाने देवाकडे मागितलं ते बरंवाईट पारखणारं मन. आणि इब्री ५:१४ म्हणतं, ही पारख सरावाने येते. सराव म्हटला की चुकणंही आलंच. खुणेची वाट बघणं ही मला पुष्कळदा जबाबदारी टाळायची पळवाट वाटते.

नीरव:
पळवाट वगैरे जरा जास्तच होतंय. यहोशवा ९ काढा. शेजारचे गिबोनी लोक लांबून आल्याचं सोंग करून इस्राएलाशी करार करायला आले ते बुरसलेली भाकर, फाटून शिवलेले बुधले आणि ठिगळं लावलेले जोडे घेऊन. इस्राएलाच्या माणसांनी शिदोरी बघितली, लांबून आल्याचं पटलं, करार झाला. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारीच राहतात! डोळ्यांपुढे पुरावा होता. परमेश्वराला विचारायचं तेवढं राहिलं.

वाटसरू:
विचारू नका असं कुठे म्हटलं? याकोब १:५ प्रमाणे ज्ञान मागा, जरूर मागा. पण मग लूक १४ मधल्या बुरूज बांधणाऱ्यासारखं बसून खर्चाचा हिशेबही करा.

पारावरची:
आणि चार जणांना विचारा. अर्थात शलमोनाचा मुलगा रहबाम राजानेही विचारलंच होतं. वडीलधारे म्हणाले, लोकांचा भार हलका कर. बरोबरीची पोरं म्हणाली, आणखी वाढव. त्याने सोयीचं तेवढं ऐकलं नि राज्य फुटलं. आपणही कोणीतरी 'हो' म्हणेपर्यंत विचारत फिरतो.

उंबरठा:
तत्त्व कळलं. आता माझं सांगा. मावसभाऊ पुन्हा उसने मागतोय, घरभाडं थकलंय म्हणे. आधीचे पैसे जुगारात गेले. मत्तय ५:४२ म्हणतं, मागणाऱ्याला दे. देऊ?

वाटसरू:
द्या, पण रोख नको. फिलिप्पै १:९-१० मध्ये प्रेषित पौल प्रार्थना करतो की तुमची प्रीती ज्ञानात आणि विवेकात वाढावी. भाडं खरंच थकलं असेल तर थेट घरमालकाला भरा.

नीरव:
इथे मी सहमत. फक्त नाही म्हणायचं झालं तर 'देवाने नको सांगितलं' असं देवाच्या नावावर ढकलू नका. स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि रागाच्या भरात कायमचं दार लावू नका. लोयोलाच्या इग्नेशियस या ख्रिस्ती संताचा नियम आहे: मन उदास, कोरडं झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. रागालाही तो लावायला हरकत नाही.

उंबरठा:
परस्पर भाडं भरलं तर अपमान वाटेल त्याला.

पारावरची:
वाटू दे. पण त्याच्याशी बोलायच्या आधी घरात बायकोशी बोला. पैसा दोघांचा आहे, आणि सल्लागारांच्या या यादीत तिचं नाव अजून आलेलंच नाही.