उभ्या पट्टीने काय बदलले?

ऑनलाइन चित्रकथा म्हणजे छापील पानांचीच पडद्यावरची प्रत, हे मत मला पटत नाही. पडद्याला पानाची चौकट न मानता अमर्याद कॅनव्हास मानावे, असे अमेरिकन चित्रकथाकार आणि चित्रकथेचे अभ्यासक स्कॉट मॅकक्लाउड यांनी २००० मध्येच सुचवले होते. दक्षिण कोरियात 'दाउम' या इंटरनेट पोर्टलने २००३ मध्ये आणि 'नेव्हर' या पोर्टलने २००४ मध्ये वेबटून (पडद्यावर वाचायच्या ऑनलाइन चित्रकथा) सुरू केल्यावर चित्रकथेची उभी, खाली सरकत जाणारी पट्टी तिथे रुळली. या पट्टीत दोन चित्रांमधली मोकळी जागाच काळ मोजते: पात्र गप्प असते, वाचकाचे बोट खाली सरकत राहते आणि ती शांतता प्रत्यक्ष जाणवते. (छापील पानावर एवढी जागा रिकामी सोडणे क्वचितच परवडते.) पुढे स्मार्टफोन आल्यावर हा आकार हातातल्या पडद्यावर सहज बसला.